हुकूम नसलेला साहेब

1983 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक साधा दिसणारा प्रश्न आला. आयुर्विमा महामंडळाचा विकास अधिकारी, म्हणजे गावोगाव ज्याला ‘डीओ साहेब’ म्हणतात तो, कायद्याच्या नजरेत कामगार की व्यवस्थापक? न्यायालयाने त्याच्या कामाची चिरफाड केली आणि निकाल दिला की तो कामगारच. त्याच्या हाताखाली कोणी नाही. एजंटांवर त्याचा हुकूम चालत नाही. महामंडळाला बांधील ठरवील असा शब्द देण्याचा अधिकारही त्याला नाही. तो एजंटांचा मित्र आणि वाटाड्या, बस्स.

मी तेव्हा कराड भागात नवीन डीओ होतो. संघटनेची मंडळी पेढे वाटत होती, कारण नोकरीला कायद्याचं संरक्षण मिळालं होतं. मला मात्र तो पेढा जरा कडू लागला. नुकताच टाय बांधायला लागलो होतो, घरी ‘ऑफिसर झालो’ म्हणून सांगितलं होतं, आणि देशाचं सर्वोच्च न्यायालय सांगत होतं की तुझं कोणीही ऐकायला बांधील नाही. पुढची सगळी नोकरी त्या निकालातलं एकेक वाक्य खरं ठरताना बघण्यात गेली. विक्रीच्या माणसांचं नेतृत्व म्हणजे काय, हे मी त्या अधिकार नसण्यातूनच शिकलो.

हा असा विचित्र साहेब जन्माला कसा आला, ते बघायला थोडं मागं जावं लागेल. मुंबईत ‘ओरिएंटल’ 1874 साली निघाली. स्वदेशीच्या चळवळीनंतर तर देशी विमा कंपन्यांचं पीकच आलं. आमच्या साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 साली ‘वेस्टर्न इंडिया’ ही विमा कंपनी काढली. जिल्ह्याच्या गावी विमा कंपनीचं मुख्य कार्यालय असणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. या कंपन्यांचा धंदा आणणारी माणसं नाना नावांची होती: चीफ एजंट, स्पेशल एजंट, ऑर्गनायझर, इन्स्पेक्टर. कोणाला पगार, कोणाला नुसतं कमिशन, कोणाला दोन्ही. शिकवण्याची पद्धत एकच, माणसाला पाण्यात ढकलायचं. तरला तर आपला, बुडाला तर दुसरा आहेच.

19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. (पुढे सहा महिन्यांतच मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला; मराठी माणसाला तेच जास्त आठवतं.) 154 भारतीय कंपन्या, 16 परदेशी आणि 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या, म्हणजे एकूण 245 संस्था एका मांडवाखाली आल्या आणि 1 सप्टेंबर 1956 रोजी महामंडळ सुरू झालं. इमारती, तिजोऱ्या, खातेवह्या यांचं एकत्रीकरण एक वेळ सोपं. पण 245 ठिकाणची ती फिरती माणसं? त्यांचं काय करायचं? 1957 च्या अखेरीस केंद्र सरकारने त्यांच्यासाठी आदेश काढला, त्यांना ‘फील्ड ऑफिसर’ म्हणून पगारश्रेणीत बसवलं आणि किती काम आणायचं ते ठरवलं. काम कमी पडलं म्हणून काहींना घरी पाठवलं, त्यावरून खटले झाले, तेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. पुढे याच पदाचं नाव विकास अधिकारी झालं.

गोम अशी की अधिकारी पगारी, पण त्याची माणसं पगारी नव्हेत. एजंट कमिशनवर जगतो. त्याला हजेरी नाही, रजा नाही. शेतीची कामं निघाली की महिना-महिना तोंड दाखवत नाही. त्याच्यावर बंधन एवढंच, की एजन्सी टिकवायची तर वर्षाला किमान 12 जणांचा विमा उतरवायचा. आणि डीओचा खर्च मात्र त्याच एजंटांनी आणलेल्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यांशी ताडून बघायचा. प्रमाण बिघडलं की वेतनवाढ अडकते, पगारही खाली येतो. मेमो येणार मला, आणि तो ज्याच्यामुळे आला तो आपल्या उसाला पाणी देत बांधावर उभा.

त्याला मी काय म्हणणार? दरडावलं तर तो उद्यापासून यायचाच नाही.

माझ्या आधीच्या पिढीतले एक डीओ होते. मूळचे खाजगी कंपनीतले, राष्ट्रीयीकरणात इकडे आलेले. त्यांच्याबरोबर मी सुरुवातीला फिरलो. नवा एजंट नेमला की ते त्याला पुस्तक देत नसत, वही देत. तीत ओळखीच्या माणसांची नावं लिहायची: लग्न कोणाचं झालं, पाळणा कोणाकडे हलला, साखर कारखान्यात कायम कोण झालं. मग त्या वहीतल्या घरी दोघांनी जायचं. पहिल्या काही घरांत बोलणार डीओ, एजंट नुसता बसणार. बाहेर पडल्यावर मोटरसायकलला किक मारण्याआधी ते विचारत, “घरातल्या बाई चहा ठेवताना काय म्हणाल्या, ऐकलंस का?” त्याने ऐकलेलं नसे. पुढच्या घरी तो कान देऊन बसे. काही दिवसांनी बोलणार एजंट, आणि डीओने ओठ शिवून बसायचं. हे सगळ्यात अवघड. पोरगा ‘टेबल 14’ आणि ‘टेबल 75’ या दोन विमा योजनांची गल्लत करतोय, पार्टी हातची निघून चाललीय, आणि आपण बिस्किट खात गप्प. मी पुष्कळदा मध्ये तोंड घालायचो. ते कधीच घालत नसत. एकदा म्हणाले, “आज ही पॉलिसी गेली तर एक गेली. तू बोललास तर याच्या पुढच्या सगळ्या तुलाच विकाव्या लागतील.” शेवटची पायरी म्हणजे डीओने कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबायचं आणि एजंटाने एकट्याने जाऊन यायचं.

आज याला कोचिंग म्हणतात आणि पंचतारांकित हॉटेलात शिकवतात. तिथल्या तक्त्यांत मला ही टपरी कुठं दिसत नाही.

भागाचं ज्ञान हाही शिकवण्याचाच भाग होता. कारखान्याचं उसाचं बिल कधी निघणार, तासगावकडे बेदाण्याला भाव काय, सांगलीच्या बाजारात हळद कशी चालली आहे, हे ठाऊक नसलेला डीओ नुसता मार्च क्लोजिंगला बोंब मारायचा. शेतकऱ्याला मासिक हप्ता गळ्यात बांधला की पॉलिसी लॅप्स होणार हे ठरलेलं. त्याला वार्षिक हप्ता द्यायचा, तोही बिलाच्या महिन्याला जुळवून. शिक्षक नि कामगार यांच्यासाठी पगारातून कापून घेण्याची योजना बरी.

आमचा खरा कस मात्र कमिशनवर लागायचा. विमा कायदा 1938 चा. त्याचं कलम 41 सांगतं की कमिशनमधला वाटा ग्राहकाला द्यायचा नाही. बाजारात पहिला प्रश्न तोच, “आम्हाला काय सोडणार?” माझ्या काळात लांब मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी बोनस धरून 35 टक्क्यांपर्यंत कमिशन मिळे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे पाच टक्के. पहिल्याचे 35 वाटून टाकणारा पोरगा वर्षभर शाखेत हिरो असतो, एजंटांच्या मानाच्या क्लबात जातो, त्याचा फोटो लागतो. दोन वर्षांनी तो दिसेनासा होतो. आकडा हवा असणाऱ्या डीओने अशा एजंटाकडे काणाडोळा केला तर त्याचाही आकडा चढतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. माझं मत स्पष्ट आहे: विक्रीच्या माणसाचा वरिष्ठ किती चांगला, हे त्याच्या मार्चवरून कळत नाही. तिसऱ्या वर्षी किती हप्ते येत राहिले ते बघावं.

बायकांबद्दल एक सांगायलाच हवं. गावात नोकरदाराला एजन्सी घेता येत नसे, म्हणून फॉर्मवर नाव पत्नीचं आणि फिरणार नवरा, हा प्रकार सर्रास चाले. अशा बाईंना सहीपुरतं न ठेवता घराबाहेर काढणं हे आमच्यातल्या थोड्याच लोकांनी मनावर घेतलं. ज्या निघाल्या, त्या पुष्कळदा नवऱ्यांपेक्षा सरस निघाल्या. मृत्यूच्या दाव्याचे कागद घेऊन विधवेच्या शेजारी बसणं त्यांना जमायचं. आम्ही उंबऱ्याशीच घुटमळायचो.

2000 साली खाजगी कंपन्या परत आल्या. नव्या एजंटाला तेव्हा 100 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. सेल्स मॅनेजर म्हणून विशीतली मुलं आली, रोज सकाळी मीटिंग, संध्याकाळी रिपोर्ट. त्यांच्यावर हसणारे आमच्यातले बरेच होते. मला ती आमच्यासारखीच वाटली: डोक्यावर टार्गेट, हातात काठी नाही. फरक इतकाच की वर्षभरात ती कंपनी बदलत, त्यामुळे टपरीपर्यंतच्या पायऱ्या पुऱ्या व्हायच्या आतच शिकवणारा निघून जायचा.

त्याआधीच, 1994 साली, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या खटल्यात वेगळी भूमिका घेतली आणि आमच्या 1983 च्या निकालाचा पाया डळमळला. आता आम्ही कामगार की नाही, यावर संघटनेत पुन्हा वाद पेटले. ‘मित्र आणि वाटाड्या’ या वर्णनाला मात्र त्या वादांत कोणीच हरकत घेतली नाही. निवृत्त झालो तेव्हा माझे एजंट रीतीप्रमाणे थेट शाखेला जोडले गेले. त्यांचं जुन्या पॉलिसींचं कमिशन त्यांच्या खात्यात येत राहतं, त्यांच्यामागे वारसांनाही मिळतं. त्यात डीओचा वाटा कधी नव्हता आणि आजही नाही.