‘हेल्पमेट’ची कुळकथा

इंग्रजीत बायकोला कौतुकाने ‘हेल्पमेट’ म्हणतात. हेल्प म्हणजे मदत, मेट म्हणजे सोबती. शब्द अगदी सरळ वाटतो. जन्मला मात्र वाचनातल्या गफलतीतून.

१६११ च्या किंग जेम्स बायबलात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, देव एकट्या आदामासाठी एक ‘हेल्प’ घडवायचं ठरवतो. त्याला ‘मीट’ अशी. हे ‘मीट’ भेटण्याचं नव्हे. तेव्हाच्या इंग्रजीत त्याचा अर्थ साजेसं, जोगं. पुढे तो अर्थ विरला आणि शेजारचे दोन शब्द एकमेकांना चिकटले. १६७३ मध्ये इंग्रज कवी ड्रायडनने तर मधे जोडरेघच मारली. ‘मीट’चा अर्थ लागेना, तेव्हा अठराव्या शतकात त्याचं ‘मेट’ झालं.

मूळ हिब्रू शब्द आहेत ‘एझेर केनेग्दो’. ‘एझेर’ हिब्रू बायबलात २१ वेळा येतो: दोनदा आदामासाठी घडवलेल्या या स्त्रीसाठी, बहुतेक वेळा थेट देवासाठी. डोंगरांकडे डोळे लावून मदत कुठून येईल असं विचारणारं १२१ वं स्तोत्र याच शब्दावर उभं आहे. मराठीत त्याला जवळचा शब्द ‘कुमक’. आणि कुमक घेऊन येणारा काही वेढ्यात अडकलेल्याचा गडी नसतो!

‘केनेग्दो’तला ‘नेगेद’ म्हणजे समोर. अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी जुन्या परंपरेच्या आधारे सांगतो: नवरा लायक असेल तर ती मदत, नसेल तर समोर उभी ठाकून विरोध.

चर्चमध्ये वारं उलटं वाहिलं. संत ऑगस्टीनच्या मते स्त्रीची मदत मुलं होण्यापुरतीच. शेतीभातीला किंवा गप्पांना दुसरा पुरुषच बरा. एवढ्या मोठ्या विद्वानाला घरात कोण काय करतं हे दिसलं नसेल?

प्रचलित मराठी बायबलात इथे ‘अनुरूप’ हा शब्द आहे, वधूवरांच्या जाहिरातींतला. मराठीत थेट मुळाशी भिडल्या त्या पंडिता रमाबाई. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही साध्यासुध्या बायकांना कळेल अशा भाषेत. छपाईचे खिळे जुळवायला मिशनच्याच बायका होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.