समच्छेद अपूर्णांक : बेरीज आणि वजाबाकी

ज्या अपूर्णांकांचे छेद सारखे असतात ते समच्छेद अपूर्णांक. त्यांची बेरीज करताना अंशांची बेरीज करतात आणि छेद तोच ठेवतात. वजाबाकीत अंशातून अंश वजा करतात, छेद तोच राहतो. उदा., २/७ + ३/७ = ५/७ आणि ५/७ − ३/७ = २/७. महाराष्ट्रात हा भाग प्राथमिक शाळेत शिकवला जातो. भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज अखेर याच रीतीवर येते, कारण तेही आधी समच्छेद करून घ्यावे लागतात.

छेद म्हणजे एका अख्ख्या वस्तूच्या केलेल्या समान भागांची संख्या. त्यांतले घेतले किती, ते अंश सांगतो. दोन हिस्से एकत्र आले म्हणजे घेतलेले भाग वाढतात, भागाचा आकार बदलत नाही. मुलांची नेहमीची चूक इथेच होते : १/४ + २/४ = ३/८ असे लिहून ती छेदांचीही बेरीज करतात. या चुकीच्या रीतीने अर्धा आणि अर्धा मिळून २/४, म्हणजे पुन्हा अर्धाच होईल. चूक समजावून सांगायला एवढे एक उदाहरण पुरते.

मावळात, म्हणजे तळेगाव, वडगाव, कामशेतपासून लोणावळ्यापर्यंतच्या भातपट्ट्यात, हा हिशेब जमिनीत रोज होतो. ४० गुंठ्यांचा एक एकर. म्हणून १३ गुंठ्यांचे खाचर म्हणजे १३/४० एकर. शेजारचे ९ गुंठ्यांचे खाचर त्याला जोडले, तर १३/४० + ९/४० = २२/४०, संक्षेपाने ११/२० एकर. कोणीही शेतकरी २२ गुंठेच म्हणेल. ४० हा छेद त्याच्या मनात कायमचा बसलेला असतो, आणि म्हणूनच त्याची बेरीज चुकत नाही. आजच्या सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. १०० आरचा एक हेक्टर, म्हणजे छेद ४० ऐवजी १०० झाला. रीत बदलली नाही.

जुन्या सातबारावर हिस्से आण्यांत लिहीत. अख्खी मिळकत १६ आणे; चार आण्यांचा वाटेकरी आणि सहा आण्यांचा वाटेकरी मिळून दहा आणे, म्हणजे ४/१६ + ६/१६ = १०/१६. तीन सख्ख्या भावांत वाटणी झाली की मात्र सोळाला तिनाने भाग जात नाही. तेव्हा पै कामी येई. १ आणा म्हणजे १२ पै, १६ आणे म्हणजे १९२ पै. प्रत्येक भावाचा हिस्सा ६४/१९२, म्हणजे ५ आणे ४ पै. दोघांचा मिळून १० आणे ८ पै. आण्यांत न बसणारा एक-तृतीयांश हिस्सा छेद मोठा करून नेमका बसवणारी ही पद्धत आजही शिकवण्याजोगी आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज ज्या आण्यांत मांडत त्या आणेवारीला पुढे पैसेवारी म्हणू लागले, तरी जुना शब्द लोकांच्या तोंडून गेला नाही.

रोजच्या बोलण्यातला छेद बहुधा ४ असतो : पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. सव्वा आणि पाऊण मिळून दोन, म्हणजे ५/४ + ३/४ = ८/४. लोणावळ्याच्या दुकानात दीड किलो चिक्कीतून पाऊण किलो बाजूला काढली, तर पाऊण किलोच उरते : ६/४ − ३/४ = ३/४. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केलेल्या पिढीला यासाठी कागद लागत नसे. ते पाठांतर शाळांतून गेले, हे नुकसानच झाले.

शास्त्रीय मांडणी जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) समान छेदांच्या राशींची बेरीज-वजाबाकी स्वतंत्र नियमाने दिली आहे, पूर्ण संख्येला १ हा छेद मानावा, असेही तिथे सांगितले आहे. त्यामुळे १ − ३/८ हे उदाहरण ८/८ − ३/८ असे समच्छेद करून ५/८ पर्यंत नेता येते.

या रीतीचा सर्वांत मोलाचा उपयोग वारसनोंदीत होतो. वडिलांच्या पश्चात आई, दोन मुलगे आणि दोन मुली असे पाचच वारस असतील आणि मिळकत वडिलांच्या स्वतःच्या कमाईची असेल व तिचे मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे प्रत्येकाचा १/५ हिस्सा. एका बहिणीने एका भावाच्या नावे हक्कसोडपत्र केले तर त्याचा हिस्सा १/५ + १/५ = २/५ होतो. मग २/५ + १/५ + १/५ + १/५ = ५/५, म्हणजे पूर्ण १. ही बेरीज १ पेक्षा कमी आली तर कोणाचा तरी हिस्सा गळला, जास्त आली तर कोणाचा तरी दोनदा लागला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानंतर मावळात जमिनीचे मोल वाढले आहे. म्हणून वारसनोंदीच्या फेरफाराची नोटीस हातात पडताच सर्व हिस्से समच्छेद करून त्यांची बेरीज करावी. ती १ येत नसेल तर मुदतीत लेखी हरकत द्यावी. नोंद मंजूर झाल्यावर लेखनप्रमाद आढळला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो.