वस्ती आणि उतार : केळना खोऱ्यातील एक ऐतिहासिक पुरावा

जाफराबाद हे केळना व पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेले गाव होय. या परिसरातील लोकवस्ती व दळणवळण यांच्या परस्परसंबंधाचा एक बोलका पुरावा युद्धेतिहासात आढळतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांवर चाल करताना आर्थर वेलस्लीला केळना ओलांडावयाची होती. जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. परंतु दोन काठांवर समोरासमोर पिंपळगाव व वरूड ही गावे दिसताच, येण्याजाण्याची सोय असल्यावाचून वस्त्या इतक्या जवळ वसणार नाहीत, असे अनुमान त्याने केले. उतार सापडला, फौज व तोफा पलीकडे गेल्या आणि लढाई इंग्रजांनी जिंकली.

या प्रसंगात इतिहासकारांनी प्रामुख्याने सेनापतीची कुशाग्रता पाहिली. तथापि तो उतार लष्कराने निर्माण केलेला नव्हता. शेती, बाजार व सोयरीक यांनिमित्त रोज नदी ओलांडणाऱ्या ग्रामस्थांचा तो मार्ग असला पाहिजे. वाटाड्यांचा नकार निव्वळ अज्ञान समजणेही घाईचे ठरेल. परक्या फौजेला वाट दाखविणे त्या काळी गावाला महाग पडत असे.

आज जनगणनेच्या ग्रामनिर्देशिकेत प्रत्येक गावाची लोकसंख्या, पक्का रस्ता व बससेवा यांची नोंद मिळते. मात्र ती गावनिहाय असल्याने समोरच्या काठावरील गावाशी असलेले नाते तीत उमटत नाही. १८०३ मधील अनुमान उभे होते ते नेमके याच नात्यावर.