पिन, रेडिओ आणि माठ

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरच्या वस्तूंना वर्षातून एकदा ऊन दिसते. आमच्या पनवेलच्या घरी किल्लीचा फोनो, लाखेच्या तबकड्यांची पेटी, मागचे झाकण हरवलेला व्हॉल्वचा रेडिओ आणि गळ्याशी चिरलेला एक माठ असे चौघे नेहमी एकत्रच खाली उतरतात. पहिल्या तिघांचे नाते मुलांना कळते. चौथ्याचे कळत नाही. ते सांगायचे म्हणजे बेताच्या मिळकतीच्या घराने आपले गाणे कसकसे सुधारून घेतले, हा सगळा इतिहासच उलगडावा लागतो.

त्याचा आरंभ पिनेपासून करावा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीची माणसे कलकत्त्यास आली, त्यांनी गौहरजानचे गाणे मुद्रित केले आणि १९०८ साली तेथेच सियालदाला तबकड्यांचा कारखाना निघाला. मिनिटास ७८ फेरे आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे! तबकडी लाखेची, आणि लाख तर आपल्याच पळस-कुसुंबाच्या फांद्यांवरची. तीत दगडाची बारीक पूड मुद्दाम घातलेली असे. ही पूड पोलादी पिनेला घासून तबकडीवरच्या चरीच्या मापाची करी. पिनेने झिजावे आणि तबकडीने टिकावे, अशी ती योजना होती. म्हणून दर बाजूला नवी पिन लावा, असे बजावलेले असे. पण मध्यमवर्गीय माणूस पिनेची डबी वाण्याच्या हिशेबासारखी पुरवून पुरवून वापरी. आमचे आजोबा एका पिनेवर आठ-आठ बाजू वाजवीत. बचत पिनेची झाली आणि झीज बालगंधर्वांच्या तानांची! आज त्या तबकड्या लावल्या की गाण्याआधी खरखर ऐकू येते, ती या काटकसरीची. कोकणच्या पावसाळ्याने चढवलेली बुरशी निराळी, ती निदान पुसून तरी निघते.

मग रेडिओ आला. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले खरे, पण साध्या घरांत रेडिओ शिरायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. १९५३ साली पुणे केंद्र निघाले आणि १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर गीतरामायण झाले, तेव्हा तर ज्याच्या घरी संच असेल त्याची ओसरी पुरेना. पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे; पण तो खर्च कोणाला जड वाटत नसे.

या रेडिओच्या पाठीमागे दोन भोके असत. पुष्कळांनी त्यांच्याकडे कधी पाहिलेच नाही. ज्यांनी पाहिले त्यांचे मात्र भाग्य उजळले, कारण तेथे ग्रामोफोनच्या पिकअपची तार जोडता येई. म्हणजे नवा रेडिओग्राम घेण्याची गरजच नव्हती. विजेवर फिरणारी तबकडीची चाकी आणि पिकअप एवढेच आणावे. आवाज मोठा करण्याचे काम घरचे व्हॉल्व बिनबोभाट करीत. साधी तार जोडली तर गाण्याबरोबर ‘घूं’ असा सूर लागे, म्हणून वरून जाळीचे वेष्टन असलेली तार हवी. एवढे सांभाळले की कर्ण्यातल्या अनुनासिक आवाजाच्या जागी गळा ऐकू येई. थोड्या पैशात एवढी मोठी सुधारणा पुढे कधी झाली नाही, असे माझे मत आहे. स्टिरिओचीसुद्धा नाही.

याच सुमारास लाँगप्ले तबकडी घरोघर येऊ लागली. अमेरिकेत ती १९४८ साली निघाली होती. फेरे ३३⅓, आणि एका बाजूस वीसेक मिनिटे. ख्यालाला प्रथमच पाय पसरायला जागा मिळाली. पण तिची चर फार अरुंद. जुन्या तबकडीच्या सुईचे टोक इंचाच्या हजारांशाच्या तीनपट जाड, तर हिला एकाच हजारांशाचे हवे. म्हणून पिकअपला दोन सुया असत आणि मध्ये एक चिमुकली दांडी. ती फिरवली की सुई बदले. आईने भिशीच्या पैशांतून शास्त्रीय गायनाची पहिली लाँगप्ले आणली, त्या संध्याकाळी ती दांडी फिरवायचे मीच विसरलो. जाड सुई चरीच्या काठांवरून नांगरासारखी गेली. आई मला एक अक्षर बोलली नाही. ती तबकडी पुढे पुष्कळ वर्षे ती तशीच ऐकत असे, आणि मी त्या वेळी घराबाहेर पडत असे.

आता माठ. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला, तोवर पनवेलहून मोटारीने मुंबईला जायचे ते ठाण्याचा वळसा घालूनच. पूल झाल्यावर लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे भडकमकर मार्गाच्या, फेऱ्या वाढल्या. तेथे सुटे स्पीकर मिळत. पण उघडा स्पीकर वाजवला तर आवाज पोकळ येतो, कारण त्याचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो; दोन्ही लाटा एकमेकींना खातात आणि खर्ज नाहीसा होतो. मागची लाट कोंडायला पेटी हवी, पेटीला सुतार हवा, सुताराला पैसे हवेत. त्यावर सत्तर-ऐंशीच्या दशकांत किती घरांनी हा तोडगा काढला असेल कोण जाणे: माठाच्या तोंडावर स्पीकर पालथा नव्हे, उताणा बसवायचा! खर्ज धावत आला. मात्र माठाला स्वतःचा एक सूर असतो, त्यामुळे प्रत्येक तबलजीचा बायां एकाच घराण्याचा वाटू लागला. वडिलांनी आत जुन्या गोधडीचे तुकडे कोंबले, तेव्हा तो शहाण्यासारखा बोलू लागला. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली बंद पेटीत काचतंतू भरून जे साधले, त्याचे हे कुलाबा जिल्ह्यातले दूरचे भावंड म्हणायला हरकत नाही.

पुढे दोन माठ आले आणि शेजाऱ्यांना आम्ही अभिमानाने ‘स्टिरिओ’ म्हणून दाखवू लागलो. वास्तविक ब्लूमलीन यांनी १९३१ साली पेटंटासाठी मांडलेल्या कल्पनेत चरीच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज असतात. आमच्या दोन्ही माठांतून एकच आवाज येई. पण पाहुणे मध्यभागी बसून माना डोलवीत, आणि आम्हीही.

कॅसेटने हे सारे माळ्यावर ढकलले. यंदा नातवाने एक छोटा अँप्लिफायर आणला आहे आणि जुन्या तबकड्यांसाठी मुद्दाम जाड सुई मागवली आहे. रेडिओचे व्हॉल्व गेले, फोनोची स्प्रिंग तुटली. चिरलेला माठ तेवढा खर्जाला झणझणतो. उद्या बाजारात नवा बघायचा आहे. स्पीकर पिशवीत घालूनच जाणार, तोंडाचे माप जमले पाहिजे.