अडीचशे डॉलरचं मत

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. त्यांनी गुलामांना मुक्त केलं, तोच कित्ता आपल्या देशबांधवांनीही गिरवावा, अशी इच्छा त्यामागे होती. ती अर्पणपत्रिका परवा पुन्हा वाचली आणि वाटलं, त्याआधीच्या पन्नास वर्षांत तिथे काय चाललं होतं ते एकदा लिहूनच काढावं. सगळ्या देशाचं लिहायचं तर ग्रंथ होईल, म्हणून फक्त न्यूयॉर्कचं लिहितो.

साल १८२१. देशाचं वय अवघं पंचेचाळीस. १३ राज्यांची २४ झालेली. ईरी कालव्याची खोदाई चालू होती आणि माणसं बोऱ्याबिस्तरा गुंडाळून पश्चिमेकडे निघाली होती. मतदानाचा कायदा मात्र जुनाच, १७७७ चा. ज्याच्याकडे ठरावीक मालमत्ता त्यालाच मत. कातडीच्या रंगाची अट त्यात नव्हती, त्यामुळे ऐपत असलेले मुक्त कृष्णवर्णीय पुरुषही मत देत. (बायकांचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या एकट्या बायका मत देत होत्या, त्यांचाही हक्क १८०७ साली गेला.)

आता रस्त्याच्या कामावर राबणारा, बंदूक घेऊन कवायतीला जाणारा गोरा गडी विचारू लागला, मला मत का नाही? आल्बनीला नवी राज्यघटना करायला सभा बसली आणि त्याचं म्हणणं मान्य झालं. कर भरला, कवायत केली किंवा रस्त्यावर काम केलं, की मत. १८२६ साली याही अटी गेल्या.

आणि त्याच घटनेत, त्याच कलमात, कृष्णवर्णीयांसाठी नवी अट आली. कर्ज वजा जाता अडीचशे डॉलरची जमीन हवी आणि तिच्यावर कर भरलेला हवा. गोऱ्याला एक वर्षाचं वास्तव्य पुरे, यांना तीन वर्षं.

मला गंमत वाटते (गंमत कसली म्हणा!) ती बाजू कोण कोणाची घेत होतं याची. गरिबांना मत दिलं तर मालमत्तेचं काय होईल म्हणून घाबरलेले जेम्स केंटसारखे सनातनी न्यायाधीश कृष्णवर्णीयांचा हक्क काढायच्या विरोधात होते. आणि सामान्य माणसाचा कैवार घेणाऱ्यांतले पुष्कळजण तो काढायच्या बाजूने! हिशेब सरळ होता. कृष्णवर्णीय मतदार बहुधा जुन्या फेडरलिस्टांना मत देत आणि १८२७ मध्ये राज्यातली गुलामगिरी संपणार हे आधीच ठरलेलं होतं. म्हणजे असे मतदार वाढणार. अडीचशे डॉलरच्या तडजोडीला ज्यांचा पाठिंबा होता ते मार्टिन व्हॅन ब्युरेन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या आधीचे अँड्र्यू जॅक्सन तर 'सामान्यांचा राजा' म्हणूनच निवडून आले. १८२४ पेक्षा १८२८ ला मतदान तिपटीने वाढलं. १८३० साली याच जॅक्सननी मूलनिवासींना मिसिसिपीपलीकडे हटवण्याच्या कायद्यावर सही केली. असो, तो विषय मोठा आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. १८२५ पासून मॅनहॅटनच्या तेव्हाच्या ओसाड भागात काही मुक्त कृष्णवर्णीयांनी जमिनीचे तुकडे विकत घेतले. त्या वस्तीचं नाव सेनेका व्हिलेज. स्वतःचं घर झालं, शिवाय जमिनीची किंमत भरली तर मतही मिळायचं. तीन चर्च झाली, शाळा झाली. पुढे आयरिश कुटुंबंही येऊन राहिली. १८५५ च्या सुमाराला सव्वादोनशे माणसं होती. मग शहराला मोठी बाग हवी झाली. वर्तमानपत्रांनी त्या घरांना झोपड्या म्हटलं, शहराने जमिनींचा मोबदला दिला आणि १८५७ मध्ये वस्ती उठवली. मोबदल्याचे पैसे घेऊन माणूस कुठेही जाऊ शकत होता, पण जमीन गेली की मतही गेलं. शेजारपाजार मोडला तो मोडलाच.

अडीचशे डॉलरची अट काढावी का, हे न्यूयॉर्कच्या मतदारांना तीनदा विचारलं गेलं: १८४६, १८६० आणि १८६९. तिन्ही वेळा उत्तर 'नको'. तिसरं 'नको' तर यादवी युद्ध संपून चार वर्षं झाल्यावरचं. शेवटी १८७० साली देशाच्या घटनेत पंधरावी दुरुस्ती झाली तेव्हा ती अट मोडली. 'गुलामगिरी' पुण्यात छापून आली त्याच्या तीनच वर्षं आधी.

ती बाग म्हणजे सेंट्रल पार्क. आपल्यापैकी कितीजणांचे आईबाबा, काका-काकू तिथे फोटो काढून आलेत. पुढच्या वेळी गेलात तर पश्चिमेच्या बाजूने ब्याऐंशी ते एकोणनव्वद नंबरच्या रस्त्यांच्या सरळ रेषेत जरा फिरा. २०११ साली तिथे उत्खनन झालं. एका घराचा दगडी पाया निघाला, लोखंडी किटली निघाली आणि एक लहानसा चामडी बूट.