मोहफूल, सायकल आणि नदीकाठची वाट



मागच्या महिन्यात गटाची बैठक आटोपल्यावर मी हप्त्यांचा हिशेब जुळवत बसले होते. तेवढ्यात बाकीच्या बायांनी माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. युरोपातल्या ऑस्ट्रिया देशातली डॅन्यूब नदी, तिच्या काठाने जाणारी अरुंद पक्की वाट आणि बाजूच्या डोंगरउतारावर द्राक्षाचे मळे. वाटेवर एकही मोटार नाही. साठी उलटलेल्या बायासुद्धा निवांत सायकली चालवत चाललेल्या. संध्याकाळी त्या एका शेतकऱ्याच्या अंगणात थांबल्या आणि त्याच्या घरी केलेली वाइन घेत गप्पा मारत बसल्या.

व्हिडिओ संपला तशी एक काकू म्हणाली, "ताई, इथले ट्रक कुठं गेले वो?" दुसरी म्हणाली, "अन् दारूच्या गावात बाया अशा बिनधास्त कशा फिरून राहिल्या?"

सगळ्या हसल्या. मला मात्र घरी गेल्यावरही ते दोन प्रश्न सोडेनात. दोन्हींची उत्तरं इतिहासात आहेत आणि त्या इतिहासात आपले चंद्रपूर-गडचिरोली जिल्हेही येतात. आज तेच सांगणार आहे.

आधी ट्रकचा प्रश्न. व्हिडिओतला भाग म्हणजे वाखाऊचं खोरं. मेल्क ते क्रेम्स असा 36 किलोमीटरचा हा पट्टा 2000 साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला. पण तिथली नदीकाठची वाट काही पाहुण्यांसाठी केलेली नव्हती. आगबोटी नव्हत्या तेव्हा नावा प्रवाहाबरोबर खाली जायच्या, पण वर चढवताना त्यांना दोर बांधून काठावरून घोडे ओढत नेत. त्या घोड्यांसाठी नदीलगत वाट मोकळी ठेवावी लागे. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या, मग रेल्वे आली आणि घोड्यांचं काम संपलं. वाट मात्र बऱ्याच ठिकाणी शिल्लक राहिली. 1980 नंतरच्या वर्षांत हे तुकडे जोडून सायकलींची वाट तयार झाली. मोटारींना वेगळा रस्ता आहे. म्हणजे ती मुळात कष्टाची वाट होती. लोकांनी ती मोडू दिली नाही, म्हणून आज ती आनंदाची झाली.

आपल्याकडेही नद्यांची कमी नाही. वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ भेटतात, पुढे त्यांना प्राणहिता म्हणतात आणि सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. इंग्रजांनी 1854 मध्ये चांदा ताब्यात घेतला. वऱ्हाड-वर्ध्याकडचा कापूस याच नद्यांतून बोटींनी समुद्रापर्यंत न्यायचा, असा त्यांचा बेत होता. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते, त्यातला तिसरा आपल्या अहेरी तालुक्यातल्या देवलमरीजवळ. बरीच वर्षं खर्च करून 1871 मध्ये हे काम सोडून दिलं गेलं. तोवर रेल्वे जवळ आली होती. पुढे कोळशासाठी, सागवानासाठी, बांबूसाठी आणि आता लोहखनिजासाठी रस्ते झाले. आपल्या मोठ्या रस्त्यांचा इतिहास असा माल बाहेर नेण्याचा आहे. त्या रस्त्याने शाळेत जाणारी मुलगी आणि बाजाराला जाणारी बाई कडेच्या मुरमावरून, जीव मुठीत धरून चालते. काकूच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तिथे ट्रक संपलेले नाहीत, तिथे माणसांची वाट वेगळी राखली आहे.

आता दुसरा प्रश्न, दारूचा. हा आपल्यासाठी जास्त अवघड आहे.

1784 मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने एक हुकूम काढला. शेतकऱ्याला स्वतःच्या मळ्यातली वाइन आणि घरचं खाणं आपल्याच घरी विकता येईल, असा तो हुकूम होता. व्हिडिओतलं अंगण त्याच परंपरेतलं. पीक शेतकऱ्याचं आणि विक्रीही त्याचीच.

आपल्याकडे याच्या अगदी उलट घडलं. मोह हे आपलं द्राक्ष म्हणा. चैत्राच्या आसपास पहाटे फुलं गळतात, बाया-पोरं टोपल्या भरतात आणि अंगणात वाळवतात. पूर्वी ते दुष्काळातलं अन्न होतं, देवाचा नैवेद्य होता आणि दारूही होती. इंग्रज सरकारला त्यात फक्त महसूल दिसला. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला. 1892 मध्ये तर खास मोहफुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्याकडे फुलं जवळ बाळगण्यावरच बंधनं आली. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथेही दारूचा हक्क लिलावात ठेकेदाराकडे जाई. फूल वेचणारीच्या हातून फूल सुटलं आणि तिच्याच घरचा माणूस ठेकेदाराच्या दुकानात पैसे मोजू लागला.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यातही मोहफुलावर नजर राहिलीच. 2001 मध्ये आपल्या राज्याने द्राक्षापासून वाइन करण्याच्या उद्योगासाठी खास धोरण आणलं. नाशिकला गोदावरीच्या गंगापूर धरणाजवळ द्राक्षमळे आणि वाइनचे कारखाने बघायला पर्यटक जाऊ लागले. मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध शिथिल व्हायला मात्र 2021 उजाडलं. द्राक्षाला वीस वर्षं आधी मान मिळाला, मोहाला उशिरा नुसती मोकळीक.

म्हणून काही आपण मोहाच्या दारूची गावं मागायची का? मैत्रिणींनो, माझं उत्तर नाही असं आहे. दारूने आपली घरं कशी मोडली ते तुम्हाला सांगायला नको. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत दारूविरोधी चळवळ उभी राहिली आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरपर्यंत बाया पायी चालत गेल्या. त्यानंतर 1 एप्रिल 2015 ला चंद्रपूर जिल्ह्यातही बंदी आली. 2021 मध्ये सरकारने ती उठवली. गडचिरोलीत ती आजही आहे आणि तिथे गावागावात बायाच सडवा ओतून देतात. ही लढाई विसरून कुणी आपल्याला पर्यटनाचे धडे देऊ नयेत.

पण फूल आणि दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही आपणच ठासून सांगितलं पाहिजे. मोहाचे लाडू होतात, सरबत होतं, वाळवलेली फुलं मनुकांसारखी खाता येतात, बियांचं तेल निघतं. फुलाला बाटलीतच किंमत आहे, हे ठेकेदाराने शिकवलं. ते आपण का मानायचं?

आणि इथे येते सायकल. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वेचणाऱ्यांचा मालकी हक्क मान्य केला. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. पण या कायद्याच्या 2008 च्या नियमांत काय लिहिलं होतं, माहीत आहे? वनोपज जंगलातून न्यायचं ते डोक्यावरच्या भाऱ्याने, सायकलने आणि हातगाडीने. 2012 मध्ये नियम बदलून योग्य त्या वाहनाची मुभा मिळाली. तरी मला तो जुना शब्द मोलाचा वाटतो. सरकारी नियमात डोक्यावरच्या भाऱ्याशेजारी सायकल लिहिली गेली, कारण जंगलातल्या माणसाचं वाहन तेच होतं.

बाईच्या हाती सायकल आली की काय होतं, तेही इतिहासात आहे. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1991 पासून साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बाया सायकल शिकल्या. पाणी आणणं, बाजार, कामाची जागा, कुठेही जायला त्यांना कुणाची वाट बघावी लागेना. 1985 मध्ये आपल्या वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी 'भारत जोडो' यात्रा काढली, तेव्हा कन्याकुमारी ते काश्मीर तरुण मुलं-मुली सायकलनेच गेली. आज मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. सायकल घरात आली आहे. बिनघोर चालवायला वाट मात्र नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. येत्या ग्रामसभेत आपल्या गावची जुनी पांदण, नदीकडे किंवा शेजारच्या गावाला जाणारी वाट कुठे आहे, कुणी अडवली आहे, हे विचारू या. पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत ती घालता येते का, ते ठरावात लिहू या. तिच्यावर जड वाहन येऊ नये, हेही त्याच ठरावात असू द्या. ही वाट आधी शाळेतल्या मुलींची आणि बाजाराला जाणाऱ्या बायांची. उद्या तिच्यावरून सायकलने पाहुणे आले तर येऊ देत. त्यांना आपल्या अंगणात मोहाचे लाडू आणि सरबत देऊ, पैसे आपल्या गटाच्या खात्यात जमा होतील.

एक गोष्ट मात्र त्या व्हिडिओत नव्हती. त्यांच्या वाटेवर वाघ नाही, आपल्या वाटेवर आहे. मोहाच्या दिवसांत अंधार असताना, एकटीने जंगलात जाऊ नका. चार-पाच जणी मिळून, उजाडल्यावर, आवाज करत जा.

पुढच्या बैठकीत त्या काकूला मी सांगणार आहे, की ट्रक कुठं गेले ते कळलं, आता आपली पांदण कुठं गेली ते शोधू. तुम्हीही आपापल्या गावात शोधा.