नळदुर्गचा वीर

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण ढोकीकर मुक्तिदिनाचे ध्वजवंदन करितो. परंतु आपल्याच जिल्ह्यातील नळदुर्गापाशी त्यासाठी कोणी देह ठेविला, हे किती बालकांस ठाऊक आहे?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी, पोलीस कारवाईच्या पहिल्याच दिवशी, शीख पलटणीचे हवालदार बचित्तरसिंग शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. मांडीत गोळ्या शिरल्या. तरी सरपटत पुढे जाऊन दोन हातबाँब फेकून त्यांनी ती तोफ बंद पाडिली. माघारी जाण्याचे नाकारून त्यांनी वीरमरण पत्करिले. राष्ट्राने त्यांस मरणोत्तर अशोकचक्र अर्पिले.

इतकी वर्षे अध्यापन करूनही आम्ही वर्गात हे नाव उच्चारिले नाही, याची खंत वाटते. ज्ञातिबांधवहो, तो पंजाबचा पुत्र ना आपल्या ज्ञातीचा, ना आपल्या भाषेचा. तरी आपल्यासाठी पडला. मुलांस त्याचे नाव अवश्य सांगावे.